लोखंड बाहेर, माणूस अंदर

"लोखंड बाहेर, माणूस अंदर."

दवाखान्यातले चाचा मशीनच्या खोलीच्या दारात उभे राहून हेच म्हणायचे आन् प्लास्टिकचा ट्रे पुढं करायचे. कमरेचा पट्टा, चाव्या, मोबाईल, अंगठी, तावीज, एखाद्या म्हाताऱ्याची कवळीसुद्धा त्यात पडायची. मग चाचा आपल्या हातानं खिसे चाचपायचे. मेंदूचा फोटो काढायची ती मशीन म्हणजी भला मोठा लोहचुंबक. "एक दफे लोखंडी खुर्ची उडके अंदर गई थी," चाचा मला म्हणले. "तू तो खुर्ची से भी हलका है."

मी वाळूजला एका कंपनीत, पत्रा ठोकायच्या प्रेसवर कामाला. राहायला बजाजनगरात. तवा दारू पिणं हेच माझं मेन काम होतं, प्रेस आपला जोडधंदा. बायकोनं धरून व्यसनाच्या डॉक्टर बाईंकडं नेलं. बाई अभ्यास करत होत्या. दारूनं, गोळ्यांनी मेंदूतल्या रसायनांचं काय होतं, आन् सोडल्यावर ते परत भरून येतं का, हे त्यांना बघायचं होतं. त्यासाठी फोटो. एक सोडताना, एक तीन महिन्यांनी, एक सालानं.

मी आधीच इचारून घेतलं, "मॅडम, फोटोत मनातलं दिसतं का?"

बाई हसल्या, नाय म्हणल्या. लई हायसं वाटलं मला. बायको शेजारीच बसली होती.

मशीनमधी लोक घाबरतेत म्हणं, लई खडखडाट असतो. माझा जल्म प्रेसच्या आवाजात गेलेला. मला झोप लागली. घोरलो, डोकं हाललं, फोटो गेला वाया. परत काढावा लागला.

मला वाटलं होतं, मेंदू दिसंल आक्रोडासारखा. बाईंनी दाखवली नुस्ती एक रेघ, डोंगरासारखी वर-खाली. त्यातल्या एका डोंगरावर बोट ठेवून त्या म्हणल्या, "पिणाऱ्यांमध्ये हा खचलेला असतो. पण एका फोटोवरून काहीच सांगता येत नाही. दुसरा हवा, जोडी लावायला. आणि दुसऱ्याला लोक येतच नाहीत."

मी म्हणलं, "मी येतो की." हेच मी बायकोलाबी लग्नापासून रोज सांगत आलो होतो.

बाहेर येऊन ट्रे बघतो तर सगळं हाय, कडं नाय. माझ्या बापाचं चांदीचं कडं. चाचांनी ट्रे उलटा केला, टेबलाखाली वाकून बघितलं.

"मिल नई रहा. तीन महिने बाद आता ना तू? तबतक ढूंढके रखता."

मी काय कमी हाय? लोकांच्या म्होरं वरडलो, "चांदी बघून हात फिरला का हो चाचा, ह्या वयात?"

चाचा खाली मान घालून म्हणले, "हौ. बोल ले."

घरी बायकोनं रिकामं मनगट बघितलं. "इकलं?"

"आगं, दवाखान्यात हरवलं."

"व्हय. मागं शेगडीबी अशीच हरवली होती."

शेगडी मीच इकली होती. आयुष्यात पहिल्यांदा खरं बोललो तर घरात कुणी इश्वास ठेवंना. लोक देवासाठी सोडतेत, लेकरांसाठी सोडतेत. मी दारू सोडली चाचांना चोर ठरवायसाठी. शुद्धीत जाऊन भांडायचं होतं. दारुड्याचं भांडण कोण ऐकतं? मधी दोनदा घसरलो, त्येबी सांगून टाकतो. पण तारीख चुकवली नाय.

तीन महिन्यांनी दोन तास आधीच जाऊन दारात उभा राहिलो. चाचांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. जवळ येऊन तोंडाचा वास घेतला. माझ्या बायकोशिवाय असं कुणी केलं नव्हतं.

"माझं कडं!"

"पहले फोटू. लोखंड बाहेर, माणूस अंदर."

फोटो झाला. चाचांनी मला कोपऱ्यात नेलं, कपाटातून बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढला. माझं कडं त्यात होतं. घासून लख्ख केलेलं, माझ्याजवळ कधीच नव्हतं तसं. डब्यात अजून काय काय होतं. घड्याळं, अंगठ्या, मोटरसायकलची चावी, कुणाचा तरी चष्मा. हरेकाला दोऱ्यानं नावाची चिठ्ठी बांधलेली.

"सब बोलते, आता मैं. कोई नई आता," चाचा म्हणले. "खुद के लिए नई आते रे. चीज के लिए आते."

बाई म्हणायच्या, आजकाल माणसं दुसऱ्या फोटोला बरी यायला लागली. त्यांना वाटायचं, आपण आठवणीचा फोन करतो म्हणून येतेत.

डब्याच्या तळाला काळ्या दोऱ्यातला एक तावीज होता. त्याला चिठ्ठी नव्हती.

"ह्यो कुणाचा?"

चाचांनी डबा मांडीवर घेतला. "मेरा बेटा. बटन खाता था." नशेच्या गोळ्यांना आमच्या शहरात बटन म्हणतेत. "मैंच लाया उसको इधर. पहला फोटू हुआ. बाहर आया तो मैंने अपने हात से तावीज वापस बांधा. बोला, जा बेटा, तीन महिने बाद आ." त्यांनी डब्याचं झाकण लावलं, परत उघडलं. "सब दे दिया ना मैंने उसको. मेरे पास उसका कुछ रहाच नई. किसके लिए आता वो?"

मी येड्यासारखं इचारलं, "मग ह्यो तावीज?"

"मय्यत के दिन उतारा."

मग म्हणले, "उसका फोटू भी बाद हो गया. जोडी नई लगी."

ज्याला चोर म्हणलो होतो त्याच्या म्होरं नुस्ता कडं फिरवत उभा राहिलो.

शेवटी त्यांनीच इचारलं, "पहाड़ कितना चढ़ा?" त्यांना ती रेघ वाचता यायची नाय. आलेल्या हरेकाला इचारायचे. बाई म्हणल्या होत्या, थोडा फरक वाटतोय, पण एकट्यावरून नक्की नाय. मी ठोकून दिलं, "चाचा, दौलताबादच्या निम्म्यापोत्तर!" चाचा पडेगावचे. दौलताबादचा डोंगर त्यांना रोजचा. असे हसले, की मला माझ्या थापेची लाज वाटली नाय.

घरी जाऊन बायकोम्होरं मनगट नाचवलं. डब्याचं सगळं सांगितलं. ती रडली, तोंड धुतलं आन् म्हणली, "उद्या जाऊन हे त्यांच्यापाशी परत ठिवून या."

"आगं, बापाचं कडं हाय!"

"म्हणूनच."

दुसऱ्या दिवशी कडं घेऊन मी परत दारात. चाचा म्हणले, "भाभी समझदार है. तू गधा है." आन् नवीन चिठ्ठी बांधली.

पुढचे नऊ महिने कडं त्या डब्यात होतं. कंपनीच्या गेटाबाहेर पाय गुत्त्याकडं वळायला लागले की मी मोकळं मनगट चोळायचो. चोळून चोळून तिथली केसं गेली. पण एकदाबी घसरलो नाय.

साल झालं. ह्या फोटोनंतरबी कडं चाचांपाशीच ठिवायचं, असं आमचं नवरा-बायकोचं ठरलं होतं. गेलो. दारात एक नवीन पोरगी उभी. गोड, हुशार. "काका, धातूच्या वस्तू काढून ठेवा."

"चाचा?"

"ते गेले ना काका. दोन महिने झाले. घरीच, झोपेत."

तिनं ड्रॉवर उघडून एक पाकीट दिलं. माझ्या नावाचं. "त्यांच्या डब्यात लोकांच्या वस्तू राहिल्या होत्या. आम्ही सगळ्यांना परत करतोय."

"तावीज होता एक."

"तो घरचे घेऊन गेले."

कडं पाकिटातून काढलं, ट्रेमधी ठेवलं. आत गेलो. त्या दिवशी मशीनमधी मला झोप लागली नाय. बाईंना म्हणलं, डोकं हाललं असंल तर माफ करा. त्या म्हणल्या, नाही हललं, पण डोळे पुसून घ्या.

बाहेर आलो. पोरीनं ट्रे पुढं केला. पट्टा, चावी, मोबाईल, कडं. सगळं होतं. एकबी वस्तू कमी नव्हती. "बघून घ्या काका, आणि इथं अंगठा... नाही, सही करता का?" मी अंगठाच केला. पट्टा घेतला, चावी घेतली, मोबाईल घेतला. कडं तसंच ट्रेमधी ठिवलं आन् गुपचूप निघालो.

जिन्यात मागून पळत आली बिचारी. धाप लागली होती.

"काका! तुमचं कडं राहिलं!"

इमानदार पोरगी. काय करता. घेतलं, घातलं.

घरी बायकोनं दार उघडलं. रोज ती आधी तोंडाजवळ येती. त्या दिवशी तिची नजर मनगटावर गेली, आन् ती तिथंच उंबऱ्यावर खाली बसली.

"चाचा?" म्हणली.