शेवटची सोळा पानं

मी चौथी पास आहे. पाचवीत तीन महिने बसलो होतो, ते मी धरत नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण आता मी पुस्तकांबद्दल बोलणार आणि कुणीतरी विचारणारच, यांचा पुस्तकांशी काय संबंध? संबंध आहे. गेल्या दोन वर्षांत मी पंचवीस-तीस पुस्तकं वाचली. ओळीखाली बोट धरून वाचली, पण एक ओळ गाळली नाही. भराभर पानं उलटणाऱ्यांपैकी किती जण छातीवर हात ठेवून असं म्हणतील?

पलटणीत मी शिंपी होतो. शेवटची पोस्टिंग लखनौला झाली. मुलगी इथंच शिकली आणि औषधांचं संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेत लागली. मी रिटायर होऊन गावी शिवणाचं दुकान घातलं, आणि बायको गेल्यावर ते बंद करून मुलीकडे इथं जानकीपुरमला आलो. घरात मराठी बोलतो ते मी आणि मुलगी. नातीला सगळं समजतं, पण ती उत्तर हिंदीत देते. दिवस जाता जाईना. मग एक दिवस मुलीने पिशवीतलं पुस्तक आणून हातात दिलं.

पिशवी म्हणजे खरोखरची कापडी पिशवी. मुलीच्या संस्थेतून रिटायर झालेले एक शास्त्रज्ञ आहेत, आम्ही त्यांना साहेब म्हणतो. पुण्याला गेले की ते जुनी-नवी मराठी पुस्तकं घेऊन येतात आणि ती इथल्या मराठी घरांतून फिरतात. साहेब आधी वाचणार, मग आलमबागच्या बाई, त्या शाळेत शिकवायच्या, मग सरोजिनी नगरच्या वहिनी, त्यांचे यजमान एअरफोर्समध्ये आहेत, आणि सगळ्यांत शेवटी मी. मला वेळ लागतो म्हणून. महिन्यातून एका रविवारी साहेबांच्या गच्चीवर बसायचं, काय वाचलं ते सांगायचं, पुस्तकं बदलायची.

नियम एकच. रहस्यकथेचा शेवट सांगायचा नाही. जो सांगेल त्याने पुढच्या वेळी सगळ्यांना साबुदाणा वडे आणायचे.

साहेब माझ्याशी फार गोड बोलायचे. दुसऱ्या कुणी मत दिलं की खोडून काढायचे, वाद घालायचे, बाईंशी तर एकदा चहा गार होईपर्यंत भांडले. माझं मत झालं की म्हणायचे, "वा अप्पा, छान सांगितलंत." लहान पोराने कविता म्हटल्यावर म्हणतात ना, तसं. दोन वर्षं मी ते 'छान सांगितलंत' गिळत होतो. मला शाबासकी नको होती. या मंडळींनी मला वाचणारा म्हणून धरावं, एवढंच पाहिजे होतं.

मला रहस्यकथाच आवडतात, आणि त्याही घरगुती. रक्त एक थेंब, चहा दहा कप. बाई त्यांना 'चहाच्या रहस्यकथा' म्हणतात. कुणाला सुरुवात करायची असेल तर खानावळीवाल्या पुस्तकापासून करा. पुस्तकांची नावं माझ्या लक्षात राहत नाहीत, गोष्ट राहते. दोन जावा खानावळ चालवतात आणि जेवायला येणारा एक पेन्शनर मरतो. त्या दोघी ताटात कोण काय टाकून उठतो यावरून माणूस ओळखतात. लिहिणाऱ्याने स्वतः कधीतरी भांडी घासली असणार. दुसरं, एस.टी. स्टँडवर गाड्यांची नावं पुकारणाऱ्या बाईचं. ती आवाजावरून चोर पकडते. तेही घ्या, मधली तीस पानं जरा रेंगाळतात, पण सोडू नका. मांजरवालं मात्र घेऊ नका. त्यात मांजर गुन्हेगार दाखवून देतं. पलटणीच्या मेसमध्ये मी आयुष्यभर मांजरं पाहिली. सगळी चोराच्या बाजूची होती.

साहेबांना दुसऱ्या तऱ्हेच्या कादंबऱ्या आवडतात. एकीत परदेशातून परत आलेला मुलगा चाळीस पानं खिडकीतून बाहेर बघतो आणि पुस्तक संपतं. मी विचारलं, "पुढे काय झालं?" साहेब हसले. "अप्पा, आजकाल लेखक शेवट वाचकावर सोडतात." शिलाई अर्धी सोडून गिऱ्हाइकाला 'बाकीचं तुम्ही बघा' असं मी कधी म्हटलं नाही, पण शिकलेल्यांचं वेगळं असेल.

या थंडीत ते होमस्टेचं पुस्तक आलं. कोकणात एक होमस्टे. मालकिणीचा दीर विहिरीपाशी मरून पडलेला सापडतो. घरात पाच पाहुणे, त्यांत एक डॉक्टर, एक फोटोग्राफर आणि एक रिटायर पोस्टमास्तरीण. तीच तपास करते. साहेब म्हणाले होते, "शेवट विलक्षण आहे, काही बोलत नाही." बाई म्हणाल्या होत्या, "हो, शेवट... शेवटाबद्दल न बोललेलंच बरं." वहिनींनी नुसती मान डोलावली होती.

मी तीन आठवडे वाचत होतो. मोठा कोहरा पडलेला, अकरा वाजेपर्यंत समोरचं घर दिसायचं नाही. मग ऊन आलं की खुर्ची अंगणात. शेवटच्या पानावर पोस्टमास्तरीण सगळ्यांना दिवाणखान्यात बसवते, चष्मा पुसते आणि म्हणते, "तुमच्यापैकी एकाला आता खरं सांगावं लागेल." संपलं. पुढे पुठ्ठा.

मी परत वाचलं. मग मागची वीस पानं वाचली. मग परत शेवटचं.

नात येऊन बघून गेली. "नाना, कब तक एक ही पन्ना पढ़ोगे?"

"समजेपर्यंत," मी म्हटलं.

खोटं कशाला सांगू, मला लाज वाटली. वाटलं, सगळ्यांना शेवट विलक्षण वाटला आणि आपल्यालाच दिसत नाही, म्हणजे तो कुठेतरी शब्दांच्या आड असणार आणि चौथीच्या डोळ्यांना सापडत नसणार. तेवढ्यात बाईंचा फोन आला, रविवारी मेट्रोने येऊ की मुलाला गाडी काढायला सांगू, हे विचारायला. जाता जाता म्हणाल्या, "झालं का तुमचं पुस्तक?"

"झालं," मी म्हटलं. "शेवट फार छान आहे."

फोन ठेवला आणि स्वतःचाच राग आला. पलटणीत कर्नलसाहेबाला तोंडावर सांगितलं होतं की तुमचं पोट वाढलंय, कापड पुरणार नाही. तो मी, एका पुस्तकाला भिऊन खोटं बोललो.

दुसऱ्या दिवशी पुस्तक हातात घेऊन नुसता बघत बसलो. वाचत नव्हतो, बघत होतो. कपडा बघतो तसा उलटा करून. तेव्हा शिवण दिसली. चिकटवलेलं नव्हतं ते, जुन्या पद्धतीने दोऱ्याने शिवलेलं होतं. पानांच्या घड्या असतात, एकेक घडी मधोमध टाचलेली. मी मोजलं. प्रत्येक घडी सोळा पानांची. आणि शेवटच्या घडीनंतर कण्यातून दोन दोरे बाहेर आलेले, तुटके, आणि सुकलेल्या सरसाची एक रिकामी पट्टी. तिथे अजून एक घडी शिवलेली होती. ती निघून गेली होती.

संध्याकाळी मुलगी कामावरून आली तेव्हा मी तिच्यापुढे पुस्तक धरलं.

"अप्पा, पानं गळली आहेत," ती म्हणाली. "अच्छा, मग मी ऑनलाइन मागवते ना दुसरी कॉपी."

"मागव. पण रविवारपर्यंत कुणाला सांगू नकोस."

"का?"

"त्या तिघांनी शेवट वाचला म्हणून सांगितलंय."

ती माझ्याकडे बघत राहिली. "आणि तुम्ही?"

मी पुस्तक पिशवीत ठेवायला लागलो. ती माझीच मुलगी. समजली आणि हसत आत गेली.

रविवारी गच्चीवर ऊन चांगलं होतं. साहेबांकडची मटारची घुगनी, म्हणजे आपली उसळच, पेरू, भुईमुगाच्या शेंगा. माझी पाळी आली. येताना मी ठरवून आलो होतो की एकेकाला उघडं पाडायचं. पण ते करायचं तर आधी माझं खोटं सांगावं लागणार होतं, आणि तोंड उघडताना ते जड गेलं.

"मी बाईंना फोनवर सांगितलं की शेवट छान आहे," मी म्हणालो. "मी खोटं बोललो. मी शेवट वाचलेला नाही."

"अहो अप्पा, त्यात काय एवढं," साहेब लगेच गोड झाले. "जरा कठीणच आहे तो. सावकाश वाचा."

"वाचायला तो आहे कुठे? तुम्ही सांगा ना, खून कुणी केला?"

"नियम आहे, अप्पा. वडे आणावे लागतील."

"वडे मी आणतो. इथे सगळ्यांचं वाचून झालंय, मग लपवायचं कुणापासून? कुणी केला खून?"

वहिनी शेंगा सोलत होत्या, त्यांनी एकदम सहा-सात सोलल्या आणि खाल्ली एकही नाही. मग त्याच आधी फुटल्या. "मी निम्मं वाचलं हो. मुलाची बोर्डाची परीक्षा, घरात पाहुणे. तुम्ही दोघं एवढं कौतुक करत होतात, मग मी कसं म्हणू की नाही वाचलं?"

बाई मान खाली घालून म्हणाल्या, "मी शेवटाला पोचले तेव्हा पानं नव्हती. मला वाटलं, आमच्या घरीच पडली. दोन दिवस पलंगाखाली शोधत होते. शाळेत तीस वर्षं पोरांना पुस्तक जपा म्हणून सांगितलं, आता कोणत्या तोंडाने..."

मग सगळ्यांनी साहेबांकडे पाहिलं. सगळ्यांत आधी त्यांनीच वाचलं होतं.

"कुठली पानं?" साहेब म्हणाले. "लेखिकेने शेवट वाचकावर सोडलाय. मुद्दाम. न्याय कुणी करायचा, हा प्रश्न ती..."

मी पुस्तक उघडून त्यांच्यापुढे धरलं. दोरे दाखवले. सरसाची पट्टी दाखवली. घड्या मोजून दाखवल्या. त्यांनी चष्मा लावला, काढला, परत लावला. खालून सब्जीवाला 'मटर ले लो' ओरडत गेला.

"मी यावर पुण्याच्या मित्राला चार पानी पत्र लिहिलंय," ते शेवटी म्हणाले.

बाईंना हसू फुटलं. मग वहिनींना. मला नाही आलं. मलाही तसंच वाटलं होतं, मी फक्त पत्र लिहिलं नव्हतं.

"बरं," बाई डोळे पुसत म्हणाल्या, "पण मग खुनी कोण?"

हे मात्र माझ्याकडे तयार होतं. "फोटोग्राफर," मी म्हणालो. "सकाळी त्याच्या काळ्या कोटाची बाही रफू केलेली दिसते, ती पण अशी की कुणाला ओळखू येत नाही. तो म्हणतो, रात्री जेवण झाल्यावर बाही फाटली, मीच बसून केलं. त्या वेळी लाइट गेलेले होते, असं आधीच्या प्रकरणात लिहिलंय. काळ्यावर काळा दोरा, न दिसणारा रफू, तो दिवसाच होतो. मी चाळीस वर्षं केलाय. म्हणजे बाही दुपारीच फाटली होती, दीर मेला त्याच वेळी, आणि दुपारी विहिरीकडे कुणी गेलंच नाही असं सगळे सांगतात."

वहिनी म्हणाल्या, "अय्या!" बाई म्हणाल्या, "कोटाकडे माझं लक्षच नव्हतं." साहेब सवयीने म्हणाले, "वा अप्पा, छान सां..." आणि थांबले. पुस्तक ओढून घेऊन कोटाचं पान शोधायला लागले.

पंधरा दिवसांनी मुलीने मागवलेली नवी कॉपी आली. आम्ही मुद्दाम जास्तीचा रविवार बसलो आणि साहेबांनी शेवटची सोळा पानं मोठ्याने वाचली. खुनी डॉक्टर निघाला. औषधाची बाटली, खोटं प्रिस्क्रिप्शन, सगळं जागच्या जागी. कोटाचा उल्लेखसुद्धा नाही.

वाचून झाल्यावर तिघं माझ्याकडे बघायला लागले.

"लेखिकेचं चुकलंय," मी म्हटलं.

"अप्पा, पुस्तक तिचं आहे!"

"असू दे. मग कोटाचं काय? बाही फाडली कुणी? नुसती फाडली आणि विसरली? असलं काम माझ्या दुकानात कुणी केलं असतं तर उसवून परत करायला लावलं असतं."

"कोट नुसता दिशाभूल करायला घातलाय," साहेब म्हणाले. "रहस्यकथेत असतं ते."

"दिशाभूल असली तरी शेवटी उलगडायला नको? तुम्ही नुसतं वाचता, साहेब. बघत नाही."

साहेब उभे राहिले. आवाज चढला. "तुम्ही अडेलतट्टू आहात, अप्पा! सरळ छापलेलं आहे समोर, डॉक्टर कबूल करतोय, आणि तुम्ही एक बाही धरून बसलाय! हे काय वाचन झालं?"

"हेच वाचन झालं!"

बाईंनी चहाचे कप आमच्या हाताच्या टप्प्यातून उचलून बाजूला ठेवले. मला न्यायला आलेली मुलगी घरी येताना गाडीत म्हणाली, "अप्पा, साहेब इतके ओरडले, तुम्हाला वाईट नाही वाटलं?" मला काय वाटत होतं ते तिला सांगून समजलं नसतं. मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो आणि माझं तोंड हसत होतं, ते तिला आरशात दिसलं असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांचा फोन. नमस्कार नाही, कसे आहात नाही.

"पान एकशे चौदा काढा. त्या घरात इमर्जन्सी लाइट होता. म्हणजे उजेड होता. रफू करता येतो."

मी पुस्तक काढलं, बोट ठेवून ओळ शोधली. होता खरा.

"साहेब," मी म्हणालो, "तुम्ही या इकडे. काळा कोट आणा, मी दोरा देतो. इमर्जन्सी लाइट लावून खोलीच्या खिडक्या बंद करू. तुम्ही रफू करून दाखवा."

"मी का? शिंपी तुम्ही आहात."

"फोटोग्राफर कुठे शिंपी होता?"

पलीकडे कपाट उघडल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "चार वाजता येतो. आणि चष्मा दुसरा आणतो, या चष्म्याने जवळचं दिसत नाही."