घसा माझा, माइक सासूबाईंचा

कर्जत आणि खालापूर, दोन्ही तालुके पालथे घातलेत तरी माझ्यासारखा आवाज दुसऱ्या कुणाचा सापडायचा नाही. तरी आमच्याकडच्या टेनिस बॉलच्या सामन्यांत सगळ्यात गाजलेली कॉमेंट्री कुणाची असं विचारलंत, तर लोक माझ्या सासूचं नाव सांगतात. आणि माझ्या सासूला क्रिकेटमधलं एवढंच माहीत होतं, की एक पोरगा लाकूड घेऊन उभा राहतो आणि बाकीचे त्याला घालवायला बघतात.

मी त्यांना मामी म्हणायचो. मामी बोलायच्या कमी, आणि जे बोलायच्या ते खरं असायचं. अशा माणसाचा शेजार फार वाईट. मी मुलगी बघायला पळसदरीला गेलो, तेव्हा बसल्या बसल्या सगळ्या जगावर बोललो. धरणाचं पाणी, रेल्वे, निवडणूक, काही सोडलं नाही. मामी कोपऱ्यात वालाच्या शेंगा सोलत ऐकत होत्या. शेवटी सासऱ्यांकडे वळून म्हणाल्या, “पोरगा बरा हाय. पन बंद कुठून होतो, तेवढं इचारून घ्या.”

तसं शाळेशी माझं जमलं नाही, तेही बोलण्यामुळेच. मास्तर बोलायचे तेव्हा मीपण बोलायचो. दोघांतल्या एकाला जावं लागलं, आणि मास्तरांना पगार होता. लिहायला म्हणाल तर सहीच्या पुढे माझा हात जात नाही. हेसुद्धा मी सांगतोय आणि माझी मुलगी लिहितेय, आणि मधेमधे “पप्पा, हे तुम्ही वाढवून सांगताय” म्हणतेय. आईच्या आईवर गेलीय.

तर कॉमेंट्री. आठवडाभर मी साजगावला एका कारखान्यात माल चढवतो-उतरवतो आणि रविवारी माइकवर असतो. आमच्याकडे कॉमेंट्रीवाल्यानं बॉलकडे बघायचं नसतं. मैदानाच्या कडेला कोणाची गाडी थांबली, तिकडे बघायचं असतं. गाडीतून कोणी उतरला रे उतरला, की बॉल गेला खड्ड्यात, “यांचं मंडळाच्या वतीनं सहर्ष स्वागत” झालं पाहिजे. एकदा एका माजी सरपंचांचं नाव घ्यायचं राहिलं. ते परत गाडीत जाऊन बसले, आणि पुन्हा उतरले.

एका वर्षी थंडीत मला ताप आला. ताप गेला, पण घसा तिथंच मुक्काम करून राहिला. खोकला नाही, कणकण नाही, नुसता घसा. गिळलं की आत कोणीतरी खिळा ठोकतंय. थुंकी गिळायची झाली तरी आधी चौकट धरायची, डोळे मिटायचे, मनाची तयारी करायची आणि मग गिळायचं. आवाज म्हणाल तर जुन्या दाराच्या बिजागरीसारखा.

डॉक्टर म्हणाले, “जंतूंचं काम संपलंय, घशाची सूज सावकाश उतरेल. आता गोळ्यांची गरज नाही. कोमट मीठपाण्याच्या गुळण्या करा, गरम-गरम पीत राहा आणि आवाजाला आराम द्या. कुजबुजू पण नका, त्यानंही ताण येतो. श्वासाला किंवा गिळायला जास्त त्रास झाला, परत ताप आला, किंवा फारच लांबलं, तर लगेच या.” मी म्हटलं, एवढ्या फीमध्ये नुसतं मीठ? मग मित्रांचं ऐकलं. एक म्हणाला, ब्रँडी घे. ती घेतली, घसा तसाच राहिला, पण मी माझ्याच घशाची चौकशी करायला शेजाऱ्याच्या घरी गेलो. दुसरा म्हणाला, दुखतंय तिथं बर्फ लावतात. म्हणून मी बर्फाचा गोळा खाल्ला, कालाखट्टा. त्यानंतर बायकोनं, वंदनानं, आईला फोन लावला.

मामी पिशवी घेऊन आल्या. दारातूनच म्हणाल्या, “आ करा.” मी आ केला. “काळा पडलाय वो आतून!” मग कालाखट्ट्याची गोष्ट कळली. त्यांनी पदर खोचला आणि पाणी तापत ठेवलं.

दुसऱ्या दिवसापासून घरात एकच प्रश्न होता, “गुळनी झाली?” सकाळी “कसं हाय” नाही, “चहा घेतला का” नाही. गुळणी झाली? पाणी कोमट आहे का ते स्वतः बोट घालून बघायच्या, आणि मी गुळणी करेपर्यंत कमरेवर हात ठेवून उभ्या. माझ्या गुळणीचा आवाज चालू न होणाऱ्या टेंपोसारखा यायचा. पलीकडच्या घरातला एकजण खरंच विचारायला आला, “धक्का मारू का?”

कुजबुजायची बंदी त्यांनी इतकी मनावर घेतली, की माझे ओठ हलले तरी त्या चमचा वाजवायच्या. मग मी हातवारे सुरू केले. गिळताना मी तोंड वाकडं केलं, छातीवर हात मारला, भिंत धरली, की त्या शांतपणे म्हणायच्या, “एवढं तर बाई बाळंत व्हताना करत नाय, जावई.” पण जेवायला बसलो की माझ्या ताटात मऊ पेज असायची, आणि त्यांच्या आणि वंदनाच्या ताटातही पेजच. मी खुणेनं विचारलं, तुमी का? “तुमच्या म्होरं सुकटीची चटनी खाऊ?” एवढंच म्हणाल्या.

आणि नेमकी त्याच आठवड्यात आमच्या मंडळाची फायनल आली. अध्यक्ष पिंट्या घरी आला. म्हणाला, “भाऊ, घसा नसंल तर सांगा. नेरळच्या पोराला बोलावतो.” नेरळचं ते पोरगं तीन भाषांत कॉमेंट्री करतं, मोबाइलवरून टाळ्या वाजवतं, शिट्ट्या वाजवतं. ते एकदा आपल्या मैदानावर चढलं की मला पुन्हा माइक मिळायचा नाही, हे मला पक्कं माहीत होतं. आणि माइक गेला तर माझ्याकडे राहतं काय? सोमवार ते शनिवार गोण्या. कारखान्यात मला कोणी नावानं हाक मारत नाही, “ए, तिकडचा” म्हणतात. रविवारी मात्र माझ्या तोंडून नाव निघावं म्हणून माणसं गाडीतून दोनदा उतरतात.

मी छातीवर हात मारून दाखवलं, येतो. पिंट्या म्हणाला, “हे असं हात मारून कॉमेंट्री कशी होनार?”

मामी आतून म्हणाल्या, “ह्ये येतील. मी पन येते. ह्यांच्या त्वांडावर ध्यान ठेवायला कोनतरी पायजे.”

बेत असा होता, की मी अगदी गरज पडली तर थोडंसं बोलेन. पण मांडवात बसल्या बसल्या मी माइक तोंडाशी नेला, आणि मामींनी तो काढून घेतला. एका हातात माइक, मांडीवर सुपात वालाच्या शेंगा. शेंगा सोलल्याचा टचटच आवाज चारी भोंग्यांतून मैदानभर झाला. सगळे वळून बघायला लागले. आता काहीतरी बोलणं भाग होतं.

“जय भीम, रामराम सगळ्यांना,” मामी म्हणाल्या. “जावयाचा घसा धरलाय. आज त्ये बोलनार नायत.”

टाळ्या पडल्या. इतक्या टाळ्या मला बोलल्यावर कधी पडल्या नव्हत्या.

मग मामी दिसेल ते सांगत गेल्या. “ह्यो पोरगा लांबून पळत आला. टाकला. त्यानं मारलाच नाय. मग एवढं पळायचं कशाला?” दुसऱ्या बाजूचा एकजण रनआउट झाला, तर म्हणाल्या, “ह्याला त्यानं बोलावलं आनि सोता आलाच नाय. घरी गेल्यावर इचार रं त्याला.” षटकार बसला. मी दोन्ही हात वर करून त्यांना खुणावलं, जोरात, जोरात! त्या म्हणाल्या, “बॉल काकडीच्या मळ्यात गेलाय. एकानंच जा. वेल तुडवू नका.” लोक पोट धरून हसत होते, आणि पोरं शहाण्यासारखी एकटी-एकटी मळ्यात जात होती.

तेवढ्यात शेठ आले. फार्महाऊसचे प्लॉट विकणारे, चषक त्यांनीच ठेवलेला. मी कोपरानं ढोसलं, गाडीकडे बोट केलं, नमस्कार करून दाखवला. नाव सांगायचं कसं? मामींनी शेठना खालून वर बघितलं आणि माइकवरून विचारलं, “तुमचं नाव काय वो?”

शेठचा फोटो खोपोलीपासून कर्जतपर्यंत खांबाखांबावर लटकलेला. पिंट्यानं कपाळावर हात मारला. पण मामींनी माइकच शेठपुढे धरला, “तुमीच सांगा. आमी कायतरी चुकीचं सांगायचो.” शेठनी नाव सांगितलं. मग वडिलांचं सांगितलं. मग प्लॉटला रस्ता किती फुटी आहे ते सांगितलं. मग ते बोलायचे थांबेनात. बॅट्समन खाली बसला, अंपायर पाणी पिऊन आला. मामींनी अलगद माइक ओढून घेतला आणि म्हणाल्या, “बास. तुमाला पन घसा हाय.”

शेठ हसले. खरंच हसले. खुर्ची ओढून मामींच्या शेजारी बसले आणि शेंगा सोलायला लागले.

इथं ही गोष्ट संपली असती तर माझी अब्रू वाचली असती. पण शेवटची ओव्हर आली. गाव आमचं, फील्डिंग आमची, एक विकेट पडली की चषक आमचा. बॉल उंच उडाला. खाली आमचाच पक्या, हात जोडून तयार. मामी म्हणाल्या, “वर गेलाय. यील खाली.”

असा झेल, असा क्षण, आणि “यील खाली”? इतक्या वर्षांची सवय माझ्या अंगात उसळली. मी माइक हिसकावला आणि ओरडलो. म्हणजे मला ओरडायचं होतं. भोंग्यातून जे बाहेर पडलं, त्याला मी आजपर्यंत नाव देऊ शकलेलो नाही. कुत्री पळाली. मळ्यातला म्हातारा काठी घेऊन उठला. पक्यानं मागे बघितलं, आणि बॉल त्याच्या पाठीवर पडला.

तेवढ्यात त्यांच्या उरलेल्या धावा झाल्या, चषक गेला. पक्या म्हणाला, “मला वाटलं, मागून रानडुक्कर आलं.”

मामींनी भर मांडवात माझ्या तोंडावर हात ठेवला. घरी येईपर्यंत काढला नाही. घसा परत पहिल्यापासून दुखायला लागला. त्यांनी पिशवी भरून ठेवली होती, ती उघडली, पाणी तापत ठेवलं आणि विचारलं, “गुळनी?” पळसदरीला शेत त्यांची वाट बघत होतं, पण पेज ताटातून जाऊन भात येईपर्यंत त्या हलल्या नाहीत.

पुढच्या हंगामात पिंट्या चार पोरं घेऊन आला. मी नवा शर्ट घातला, खुर्च्या मांडल्या, आवाज साफ केला. पिंट्या म्हणाला, “भाऊ, मामींचा नंबर द्या.” शर्ट तसाच अंगावर ठेवून मी त्यांच्यासोबत पळसदरीला गेलो, कारण नाही म्हणायला तोंड नव्हतं. मामी गोठा झाडत होत्या. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “मी नाय येत. मला त्यातलं काय कळतंय? ह्यांनाच न्या.” मग झाडू टेकून माझ्याकडे बघत म्हणाल्या, “ह्यांना पन कळत नाय. पन ह्यांचा जीव हाय त्यात.”

माइक माझ्याकडे राहिला, तो असा. तेव्हापासून बॉल हवेत असला की मी गप्प बसतो. लोक म्हणतात, भाऊ सुधारला. मी घाबरतो.

गेल्या पावसाळ्यात मामी गेल्या. झोपेत, कुणाला काही न सांगता. पुण्यानुमोदनाच्या दिवशी पळसदरीच्या विहारात माणसं मावली नाहीत. आदरांजलीला माइक माझ्या हातात आला. घसा ठणठणीत होता, आवाज असा लागला की बाहेर रस्त्यावरचे लोक थांबले. मी म्हणालो, “मायेचा महासागर, त्यागाची मूर्ती, वात्सल्याचा अखंड झरा...” बरंच म्हणालो. पहिल्या रांगेत मामींच्या बांधाशेजारी जन्म काढलेली धोंडीमावशी बसली होती. ती मोठ्यानं म्हणाली, “आरं, कुनाबद्दल बोलतोस? आमची हिरा आशी नव्हती.”

लोक हसले, वंदनापण रडता रडता हसली. मी थांबलो. पाठ केलेलं सगळं उडालं. मग एवढंच निघालं, “माझा घसा दुखत होता, तर मामी आमच्या घरी येऊन राहिल्या. बरा होईपर्यंत गेल्या नाहीत. मला बोलू देत नव्हत्या.”

“हां, ही हिरा,” धोंडीमावशी म्हणाली. “झालं तुझं. बस आता खाली.”