इथलवुल्फचं घराणं

शिरूर तालुक्यात राजकारणाची काळजी वाहणारी माणसं पोत्यानं सापडतील; पण इंग्लंडातल्या हजार-अकराशे वर्षांपूर्वीच्या एका राजाच्या घरी सगळं नीट चाललं आहे ना, या चिंतेनं ज्याला भाकरी गोड लागत नाही असा माणूस साऱ्या मुलखात एकच होता, आणि ते म्हणजे माझे सख्खे मामा. राजाचं नाव एथेलवुल्फ. मामा तरुणपणी दौंडला रेल्वेत खलाशी, म्हणजे हरकाम्या मजूर, होते. तिथला एक गोरा म्हातारा ड्रायव्हर घर मोडून ऑस्ट्रेलियाला लेकीकडे निघाला, तेव्हा त्यानं सामान वाटून टाकलं. शहाण्या माणसांनी टेबलं, खुर्च्या, कपाटं उचलली. मामा एक लोकरीचा कोट आणि एक जाडजूड इंग्रजी पुस्तक घेऊन तळेगाव ढमढेऱ्याला परतले. पुस्तकात दाढीवाल्या राजाचं चित्र होतं, खांद्यावर जाड पांघरूण आणि हातात काठी. आमच्याकडे दोन पिढ्यांमागं मेंढरं होती. मामांनी चित्र निरखलं आणि निकाल दिला, "ह्यो आपल्यातलाच हाय. घोंगडं बघ की!"

मामांना इंग्रजी येत नव्हतं. नव्वदच्या सुमारास मी शिरूरला कॉलेजात होतो, तेव्हा सुट्टीत मामांकडे जाऊन ते पुस्तक मराठीत वाचून दाखवणं हे माझं काम. राजाच्या सगळ्या मुलांची नावं एथेलनं सुरू व्हायची, फक्त धाकटा तेवढा आल्फ्रेड. एथेल म्हणजे थोर, खानदानी, असं मी समजावलं, पण मामांच्या जिभेवर त्याचं 'इथल' झालं. इथलबाल्ड, इथलबर्ट, इथलरेड. मामांनी ही नावं घरच्या जनावरांना दिली. पुढं शिंगं उगारणाऱ्या बैलाला इथलबर्ट आणि बिनकामाच्या बोकडाला इथलरेड. बाजारच्या दिवशी मामा तो लोकरीचा कोट घालून भर उन्हात जीप स्टँडवर जात आणि जीप भरेपर्यंत तिथल्या लोकांना राजाची खुशाली सांगत. लोक विचारायचे, "आप्पा, इथला म्हंजी कुठला? घोडनदीचा का?" मामा खवळायचे. "इथला न्हाई! इंग्लंडचा!" "मग इथला का म्हंता?" मग मामा पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. राजाला इथलारेडा नावाचा रेडा होता, असंही बऱ्याच जणांचं पक्कं मत झालं होतं.

मामीला या सगळ्याचा तिटकारा होता, निदान ती तसं सांगायची. पण राजाची एकुलती लेक मर्सियाच्या राजाला दिली, हे वाचलं त्या दिवशी मामीनं थापती भाकरी हातात धरून विचारलं, "मर्सिया किती लांब?" मामा म्हणाले, "जवळच की. आपल्याला कासुर्डी तेवढं." "सुखात हाय का पोरगी?" मी पुढचं चाळलं. जावयाचं राज्य पुढं गेलं आणि लेक परमुलखात वारली, असं लिहिलं होतं. मामांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी म्हणालो, "सुखात आहे, मामी." त्यानंतर मी गेलो की मामी चहा देता देता त्या लेकीची चौकशी करायची आणि मी ती सुखात असल्याचं सांगायचो.

राजाच्या घरातलं काय सांगायचं आणि काय नाही, याबद्दल मामा फार कडक होते. राजा वारल्यावर थोरल्या इथलबाल्डनं आपल्या कोवळ्या सावत्र आईशीच लग्न लावलं, या ओळीवर मी आलो तेव्हा मामांनी पानावर हात ठेवला. "ही पानं फाटलीत म्हणून सांगायचं."

"फाटली कुठं आहेत, मामा?"

"घरातली गोष्ट हाय ती. चारचौघांत कशाला?"

मामांचा थोरला मुलगा, आमचा दादा, कोरेगाव भीमाजवळ एका कंपनीत होता. त्याचे केस पंचविशीतच गेले होते. मामा कौतुकानं त्याला भर स्टँडवर हाक मारायचे, "आमचा इथलबाल्ड आला!" जुन्या इंग्रजीत बाल्ड म्हणजे निधड्या छातीचा, हे मामांना मीच सांगितलं होतं. पण जीपमधून उतरणाऱ्या कंपनीतल्या पोरांना नवं इंग्रजी येत होतं. ती हसायची. दादा मान खाली घालून घरी यायचा.

मग मामा काशीला निघाले, बरोबर मामी आणि धाकटा मुलगा. "राजा बी रोमला गेला तवा धाकट्यालाच घिऊन गेला हुता," असं स्टँडवर सांगून झालं. कुणीतरी म्हणालं, "आप्पा, राजासारखी येताना नवी राणी आणू नका." मामी म्हणाली, "आणू द्या की. भाकऱ्या थापंल ती." सगळे हसत हसत गेले आणि परत आले तेव्हा घराच्या मधोमध कमरेएवढी भिंत उभी होती. पलीकडं दादानं वेगळी चूल मांडली होती. "मला चारचौघांत मान न्हाई," तो म्हणाला, "वेगळं ऱ्हातो. जमत नसंल तर कोरेगावला खोली घेतो, पोरांना घिऊन जातो."

नातवंडं जाणार म्हटल्यावर मामांचा चेहरा उतरलेला मी पाहिला. रोमहून परतलेल्या राजालाही थोरल्यानं असंच अडवलं होतं, आणि राजानं लढाई न करता पश्चिमेचं चांगलं राज्य त्याला देऊन टाकलं होतं. मामांनी तेच केलं. नळ आणि स्वयंपाकघर असलेली पश्चिमेची बाजू दादाला दिली आणि स्वतः गोठ्याकडं राहिले. "तुमच्या राणीला पाणी लागत नसंल," मामी म्हणाली, "मला लागतं." ती हापशावरून हंडे वाहू लागली. बापलेकांचं बोलणं बंद झालं.

त्या दिवाळीच्या सुट्टीत मी गेलो, तर मामा रोज संध्याकाळी अंगणात मला बसवून नको इतक्या मोठ्या आवाजात गोष्ट सांगत. मला ती पाठ होती. भिंतीपलीकडं दादा सायकल पुसत बसलेला असायचा. एकदा राज्याच्या वाटणीपाशी येऊन मामा थांबले, आणि पलीकडून आवाज आला, "मग पुढं?"

पुढं ती फाटकी पानं होती. मामांनी माझ्याकडं पाहिलं.

"पुढं काय? पोरगा आला की. सणाला बायकापोरं घिऊन बापाकडं जेवाया आला."

"पहिलं कोण बोललं?"

"बाप. पोराचं काय चुकलंच नव्हतं रं. बापालाच कळंना, नको त्या नावानं भर चौकात हाका मारायचा."

पलीकडं सायकलचं चाक फिरवल्याचा आवाज आला. मग दादा म्हणाला, "बाल्ड म्हंजी टकला न्हाई ना पण?"

"न्हाई रं! छातीचा गडी! भाच्याला इचार."

"खरंच, दादा," मी म्हणालो.

आतून मामी ओरडली, "बोलत काय बसलाय दोघं? नळाला पाणी आलंय!" दादा उठला, हंडे भरले आणि एकेक करून भिंतीवरून अलीकडं दिले. पाडव्याला सगळे एका चुलीवर जेवले. भिंत पुढं निम्मी पाडली, निम्मी ठेवली, कारण मामांना तिच्यावर बसायला आवडायला लागलं होतं.

मामा जाऊन आता काही वर्षं झाली. पुस्तक माझ्याकडं आहे, पण वाचून दाखवायला कुणी नाही, आणि सुट्टी लागली की मला मामांची फार आठवण येते. मागच्या बाजारी तळेगावला उतरलो, तर स्टँडवर तोच लोकरीचा कोट घालून दादा बसला होता, भोवती चार माणसं. टोपी काढून घामेजलं टक्कल पुसत तो सांगत होता की पोरगा सणाला बापाकडं जेवायला आला. एका नव्या माणसानं विचारलं, "राजा इथला का वो?"

दादानं एकदा माझ्याकडं पाहिलं.

"व्हय," तो म्हणाला, "इथलाच."