चौथ्या भागासाठी टाकलेला रुमाल

ड्रायव्हर मामांनी आयुष्यात बेल मिळाल्याशिवाय गाडी हलवली नाही. एसटीतही नाही आणि माझ्या दुकानातही नाही. आता माझ्या दुकानातल्या गाडीला ना चाकं ना डिझेल. बीडच्या बसस्टँडसमोर एका गाळ्यात माझं व्हिडिओ गेमचं दुकान आहे. चार टीव्ही, चार खुर्च्या, आणि त्यातल्या एका खुर्चीपुढे खऱ्यासारखं स्टिअरिंग, पायाशी तीन पेडल, हाताशी गिअरचा दांडा. त्या खुर्चीवर मामा पहिल्यांदा बसले, पडद्यावर लाल दिवा जाऊन हिरवा लागला, अकरा गाड्या धूळ उडवत सुटल्या आणि बारावी जागच्या जागी घुरघुरत उभी राहिली.

“मामा, सोडा की गाडी!” मी ओरडलो.

“बेल कुठं दिली?” मामा म्हणाले.

मला वाटलं, थट्टा करतायत. बघितलं तर माणूस एकदम गंभीर. एक हात स्टिअरिंगवर, एक गिअरवर, नजर समोर. शेवटी मी तोंडाने ‘टिंग टिंग’ केलं, तेव्हा कुठे पहिला गिअर पडला. त्या दिवसापासून बी.कॉम. झालेला, दोन लेकरांचा बाप असलेला मी रोज सकाळी दहा वाजता तोंडाने बेल वाजवू लागलो. कॉलेजची पोरं खिदळायची. खिदळू देत. माझ्या शब्दाशिवाय गाडी हलत नाही, एवढा मान मला घरीसुद्धा नाही.

मामा एकतीस वर्षं बीड, नेकनूर, अंबाजोगाई अशी लाल गाडी चालवून निवृत्त झाले होते. पण निवृत्त झाल्याचं पायांना कोणी कळवलं नव्हतं. पाय रोज ड्यूटीच्या वेळेला स्टँडवर यायचे. तिथली नवी पोरं म्हणायची, “मामा, घरी बसा की आता निवांत.” असं कोणी म्हणालं की मामांचं पित्त खवळायचं. एका मे महिन्यात ते असेच खवळून माझ्या दुकानात पंख्याखाली येऊन उभे राहिले आणि त्यांची नजर स्टिअरिंगवर गेली. “ही गाडी कोणाची बे?” एवढंच विचारलं. मग खुर्चीभोवती एक चक्कर मारली, टेबलाच्या पायाला टायरला मारतात तशी लाथ मारून बघितली, स्टिअरिंगला हात लावून कपाळाला लावला आणि बसले. दुसऱ्या दिवशी दाढीचा आरसा घेऊन आले आणि टीव्हीच्या कडेला चिकटवला. मागचं दिसल्याशिवाय गाडी चालवणं म्हणजे गुन्हा, असं त्यांचं मत. आरशात मागच्या खुर्चीवरची पोरं वडापाव खाताना दिसायची, पण मामांचं समाधान व्हायचं.

शर्यतीत ते कायम बारावे यायचे. कारण सांगतो. त्या गेममध्ये रस्त्याच्या कडेला बघे उभे असतात आणि गाडी आली की हात हलवतात. आणि हात केला की मामा थांबणार. ब्रेक मारून, गाडी नीट डावीकडे घेऊन.

“मामा, ते टाळ्या वाजवायला आलेत. बसायला नाही,” मी कपाळावर हात मारून म्हणायचो.

“पयले तसंच वाटतंय. गाडी पुढं गेली की आयमाय काढतेत. ती बाई बग, लेकरू घेऊन उभी हाय. उन्हात.”

लेकरू नव्हतं, झेंडा होता. पण मामांना कोण सांगणार? तीन मिनिटांच्या शर्यतीला त्यांना अकरा मिनिटं लागायची, त्यात चार थांबे. पोरं त्यांच्या मागे नंबर लावून बसायची तेव्हा अक्षरशः रडकुंडीला यायची.

एवढा सावकाश माणूस, पण पोटात एक वेगळीच आग होती. ती मला एका सकाळी चहा पिताना कळली. “गण्या,” मामा म्हणाले, “मांजरसुंब्याचा घाट मी एकतीस वर्षं दुसऱ्या गिअरमदी उतरलो. मागं पन्नास माणसं. कोणाची लेक बाळंतपणाला निगालेली, कोणाचं पोरगं परीक्षेला. पाचवा टाकून सुसाट सोडावं असं लई मनात यायचं. कदी टाकला न्हाई.” मग बशीतला चहा संपवून म्हणाले, “एकदा घाट पाचव्यात उतरायचा हाय. माणसं न बसवता.” माझ्याकडचा गेम जुना, तिसरा भाग. सपाट मैदानात गोल गोल फिरायचं. मामा त्याला घाणा म्हणायचे.

आणि मग चौथ्या भागाची जाहिरात आली. मी ती मोठ्या टीव्हीवर लावली. डोंगर, दरी, एकावर एक वळणं, आणि त्यावरून गाड्या खाली झेपावतायत. मामा उठून उभेच राहिले.

“थांबव! हा तर आपला घाट हाय!”

“मामा, तिथे बर्फ पडलाय.”

“पडंना का! वळणं बग वळणं. ते तिसरं डाव्या हाताचं वळण, तिथं एक हॉटेल पायजे.”

जाहिरातीच्या शेवटी लिहून आलं, दिवाळीला येतोय. मामांनी गळ्यातला निळ्या चौकड्यांचा रुमाल काढला आणि उभ्या जागेवरून स्टिअरिंगच्या खुर्चीवर फेकला, अगदी एसटीच्या खिडकीतून फेकतात तसा. “पयली ट्रिप माझी,” म्हणाले. मग रुमाल पडू नये म्हणून तो खुर्चीच्या पाठीला गाठ मारून बांधला. आमच्याकडे बांधावरून डोकी फुटतात, भावाभावांत बोलणं बंद होतं, पण जागेवर टाकलेला रुमाल कोणी उचलत नाही. पोरं त्या खुर्चीवर बसायची, खेळायची, पण रुमालाला कोणी बोट लावलं नाही.

दिवाळी आली, गेम आला नाही. कंपनीने कळवलं, पुढच्या उन्हाळ्यात. मी मनसोक्त शिव्या दिल्या. मामा मात्र शांत. “लेट हाय म्हंजे याय लागलीय. रद्द झाली असती तर बोर्डावर लिवलं असतं.” माझ्याकडे बोर्ड नव्हता, म्हणून त्यांनी दाराशेजारची भिंत पुसली आणि खडूने लिहिलं, ‘चौथा भाग : लेट’. एकतीस वर्षं ज्या माणसाने प्रवाशांना ‘येईल की, कावून घाई करता’ असं सांगितलं, तो आता बाकावर बसून वाट बघत होता. मला त्याची मजा वाटायची. मी मुद्दाम म्हणायचो, “येईल की मामा, कावून घाई करता?” आणि मामा मला मारायला उठायचे.

माझी ही मजा मामींनी संपवली. एक दिवस मामा स्टँडवर चहाला गेले असताना मामी दुकानात आल्या. गेमच्या दुकानात पाऊल टाकायची त्यांची पहिलीच वेळ. चारी टीव्हींकडे पाठ करून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “कदी यायलीय रं तुजी ती गाडी?”

“का हो मामी?”

“ह्यांची नजर चाललीय. अंबाजोगाईच्या दवाखान्यात दाखवलं. काचबिंदू म्हणले. कडंकडंनं दिसंना झालंय, मदलं तेवढं दिसतंय. गेलेलं परत येत न्हाई म्हणले, थेंब घालून हाय तेवढं सांभाळा. ह्यांना म्हणलं, घरी पडून ऱ्हावा. तर म्हणतेत, घाट उतरूस्तोवर टिकंल.”

तोवर माझ्यासाठी चौथा भाग म्हणजे गिऱ्हाईक वाढवायची गोष्ट होती. आता ती मामांच्या डोळ्यांशी लागलेली शर्यत झाली, आणि कंपनीला त्याचा पत्ताही नव्हता. मी मामांना काही बोललो नाही. त्यांनीही मला सांगितलं नाही. आरसा मात्र त्यांनी टीव्हीच्या कडेवरून काढून बराच आत, जवळजवळ पडद्यावरच चिकटवला, तेव्हा नजर किती आत आलीय ते मला कळलं.

उन्हाळा आला. कंपनीने गेम आणखी वर्षभर पुढे ढकलला. कारण काय, तर गुणवत्ता. या वेळी मामांचा तोल गेला. त्यांनी एक वही आणली, तिला भोक पाडलं, सुतळीने दारापाशी टांगली आणि वर लिहिलं, तक्रार वही. एसटीत असते, मग इथे का नको? पहिली तक्रार त्यांचीच. ‘महोदय, आपला चौथा भाग दुसऱ्यांदा लेट झाला आहे. लेट होण्यास हरकत नाही. परंतु कारण नीट कळवावे. टायर पंक्चर आहे की ड्रायव्हर रजेवर आहे? प्रवासी खोळंबले आहेत.’ खाली पोरांनी अशा तक्रारी लिहिल्या की ती पानं मला फाडावी लागली. मामांची तक्रार मात्र मी मोबाइलवर इंग्रजीत करून कंपनीला धाडली. मिनिटाच्या आत उत्तर आलं. मामांनी ते मला मराठीत वाचायला लावलं.

“आपण दाखवलेल्या संयमाबद्दल आभारी आहोत.”

“मी संयम कदी दाखवला यांना?” मामा उसळले. “लिव त्यांना, मी शिव्या देतोय म्हणून!”

मग ते नारायणगडाला दर्शनाला जाऊन आले. मामींना वाटलं, डोळ्यांसाठी गेले. परत आल्यावर कळलं, मागणं काय मागितलं ते. मामी दुकानात येऊन सगळ्या पोरांदेखत करवादल्या, “देवाच्या दारात जाऊन ह्या माणसानं गेम मागितला! डोळं मागायचं सोडून!”

“डोळं देवाच्या हातात हायेतच,” मामा म्हणाले. “गेम कंपनीच्या हातात हाय. कंपनीला सांगायला कोणीतर वरचा पायजे का न्हाई?”

वरच्याचाही कंपनीशी संबंध नसावा. तिसऱ्यांदा तारीख पुढे गेली, तीही वर्षभराने. या वेळी मी ती बातमी दाबून ठेवली. भिंतीवर काही लिहिलं नाही, मामांनी विचारलं की ‘येतोय, येतोय’ म्हणून वेळ मारून नेली. पाचव्या दिवशी एका पोराने तोंड उघडलं. मामा माझ्याकडे आले.

“गण्या, उशीर झाला तर सांगायचा. पब्लिकच्या शिव्या खायच्या. मी एकतीस वर्षं खाल्ल्या. पण गाडी निगाली न्हाई अन् निगाली म्हणून कदी सांगितलं न्हाई. माणूस त्या भरवशावर उभा असतोय.” खडू उचलून त्यांनी स्वतः भिंतीवर लिहिलं. अक्षरं एकमेकांवर चढली होती. मला इतकी शरम वाटली की त्या दिवशी मी शटर लवकर ओढलं.

शेवटी एका साध्या मंगळवारी, तारीख न कळवता, गेम आला. नेटवरून उतरवून घ्यायलाच दीड दिवस लागला, त्यात दोनदा लाइट गेली. गुरुवारी सकाळी दहाला मामा आले ते इस्त्री केलेल्या खाकी ड्रेसमध्ये, मागे मामी. पोरं न सांगता भिंतीला लागून उभी राहिली. मामांनी खुर्चीभोवती चक्कर मारली, टेबलाला लाथ मारली, स्टिअरिंगला नमस्कार केला. मी ‘टिंग टिंग’ केलं.

पहिल्याच वळणावर गाडी कड्याला धडकली. दुसऱ्या खेपेला धडकली. तिसऱ्या खेपेला दरीत गेली. एरवी खिदळणारी पोरं जमिनीकडे बघायला लागली.

“टीव्ही बदललास का बे? ल्हान वाटतोय,” मामा म्हणाले.

“हो मामा, जरा लहानच आहे.”

“खोटं बोलू नको.”

मामा उठले. खुर्चीच्या पाठीची गाठ सोडायला घेतली. तीन वर्षांची गाठ, सुटता सुटेना. मी हात पुढे केला तर माझा हात बाजूला सारला. सुटली तेव्हा रुमाल झटकला, डाव्या बाजूच्या स्टुलावर टाकला आणि त्यावर जाऊन बसले.

“तू बस.”

“मामा, मला घाट येत नाही.”

“मला येतोय. तू हातपाय दे.” आणि या वेळी बेल त्यांनी दिली. “टिंग टिंग.”

पडद्याकडे ते बघतच नव्हते. डोळे मिटून, मान खाली घालून इंजिन ऐकत होते. “दुसरा. आता तिसरा टाक, रडायलंय ते. ब्रेकला हळू दाब, अंडं हाय समज. चौथा.” वळणं मी सांगत होतो, गिअर ते. एक गाडी मागे पडली, मग तीन, मग सहा.

“आता पाचवा.”

“मामा, पुढे सगळा उतार आहे.”

“आज मागं माणसं न्हाईत, गण्या! टाक!”

टाकला. पुढचं मला नीट आठवत नाही. मामा तोंड उघडं टाकून लेकरासारखे हसत होते, गुडघ्यावर थापा मारत होते, मामी पदर तोंडाला लावून उभ्या होत्या आणि मागे पोरं नाचत होती. आमच्यापुढे एकच गाडी उरली होती. शेवटचं वळण आलं. वळणावर लाल कोटातली एक बाई उभी होती. तिने हात केला.

शप्पथ सांगतो, मी ठरवलं नाही. पाय आपोआप ब्रेकवर गेला. गाडी डावीकडे घेतली आणि थांबलो. मागून एक गाडी गेली, दुसरी गेली, पोरं बोंबलायला लागली.

“कावून थांबलास?” मामांनी डोळे न उघडता विचारलं.

“बाई उभी आहे, मामा. हात केला तिने.”

“लेकरू हाय का संगं?”

मी पडद्याकडे बघितलं. तिच्या हातात झेंडा होता.

“आहे.”

बाईला लेकरू घेऊन चढायला, आत सरकायला, नीट बसायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ मामा थांबले. सगळ्या गाड्या निघून गेल्या.

मग म्हणाले, “टिंग टिंग.”