कूलरमधलं चांगलं पाणी

आमच्या ताईला घाण म्हणून खपायची नाही. आर्वीला तिच्या घरी गेलं की दारातच फिनाईलचा वास यायचा. घरापुढच्या नालीत ती न चुकता ब्लीचिंग पावडर टाकायची. शेजारणीने टाकली नाही तर तिच्या वाटची टाकून यायची आणि वर चार शब्द ऐकवायची. आम्ही तिची टिंगल करायचो.

अशा बाईला डेंग्यू व्हावा, याचा मला अजूनही राग येतो. ताप उतरला तेव्हा सगळ्यांना हायसं वाटलं, आणि नेमकी त्यानंतरच तिची तब्येत ढासळली. वर्ध्याला नेलं. तिथून ती परत आली नाही.

ती गेल्यानंतर तिच्या घरी झालेल्या पुण्यानुमोदनाच्या विधीला माय येणाऱ्या प्रत्येकीला एकच सांगत होती: माझ्या लेकीच्या घरात मच्छर होणं शक्य नाही, तो शेजारच्या नालीतूनच आला. मदतीला आलेली शेजारीण खाली मान घालून भांडी घासत होती.

त्याच आठवड्यात आरोग्य खात्याची बाई तपासणीला आली. नालीकडे तिने पाहिलंही नाही. पावसाळा असूनही उकाड्यामुळे कूलर खिडकीतच होता. त्याच्या टाकीतलं पाणी तिने पांढऱ्या वाटीत घेतलं आणि भाऊजींपुढे धरलं. नितळ पाण्यात अळ्या वळवळत होत्या. डेंग्यूचा मच्छर असल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो, म्हणाली. दर आठवड्याला टाकी रिकामी करून, घासून कोरडी करायला हवी. ताई टाकी रिकामी करायचीच नाही. नळाचं पाणी एक दिवसाआड येणार, ते ओतून देणं तिच्या जिवावर यायचं. पाणी कमी झालं की वरून भरायची.

भाऊजींनी टाकी अंगणात उलटी केली आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "मायले सांगजो नको. पोरीच्या सफाईवरच तिचा जीव हाय आता."

मी कबूल केलं. पण माय देवळीला एकटी राहते आणि कूलर तिच्याही खिडकीत आहे. तिला पोहोचवायला गेले तर टाकी अर्धीअधिक भरलेली. मी टाकीचं बूच काढलं.

"काऊन सांडून राह्यली वं? चांगलं पाणी हाय ते."

मग सांगावंच लागलं. वाटी, अळ्या, सगळं. माय उंबऱ्यावर बसली. पाणी अंगणभर पसरत होतं. मला वाटलं, ती रडेल, नाहीतर मलाच खोटं पाडेल. तिने दोन्हींतलं काहीच केलं नाही.

"तिचं लग्न झालं तवा म्याच सांगतलं होतं तिले," ती म्हणाली, "कूलरमंधलं पाणी सांडजो नको, वरून भरजो."