गाडी आणायला लातूरला

आमच्याकडं गाडीची पूजा आधी झाली, गाडी यायची अजून बाकी होती.

निलंग्यात आमचं कापडाचं दुकान. दिवाळीच्या आधी मी लातूरच्या शोरूममध्ये काळी मोटारसायकल बुक केली. "चिपचा तुटवडा आहे, थोडं थांबावं लागेल," असं तिथला सेल्समन म्हणाला. थोडं म्हणजे किती, हे विचारायचं मला सुचलं नाही. दिवाळी गेली, संक्रांत गेली. मला गाडीची ओढ लागली आणि अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, चिपची!

"चिप म्हंजी नेमकं काय असतंय रं?"

"बारीक तुकडा असतो, अप्पा. नखाएवढा."

"नखाएवढ्या तुकड्यापायी आख्खी गाडी अडून राहिली? मला बगायचाय त्यो!"

मग गिऱ्हाईक पायजम्याचं कापड मागायचं आणि अप्पा त्याला चिपबद्दल विचारायचे. (एकानं बराच विचार करून सांगितलं, "मेव्हण्याच्या दुकानात केळीचे हायत. आणू का?")

अखेर शोरूममधून फोन आला. नेमकी तेव्हाच दुकानासमोर एसटी हॉर्न वाजवत उभी. सेल्समन म्हणाला, "तुमच्या मॉडेलची गाडी आलीय, बघून जा." मला ऐकू आलं, "घेऊन जा!"

झालं! दुकानाला कुलूप लावलं. आईनं हळद-कुंकू, नारळ, झेंडूचा हार असं सगळं पिशवीत भरलं. वाटेत पेढ्यांचा डबा मी घेतला.

शोरूमच्या दारात काळी कुळकुळीत गाडी उभी. सेल्समन जेवायला गेलेला. आई म्हणाली, "मुहूर्त निघून चाललाय, चल!" टाकीवर स्वस्तिक काढलं, हँडलला हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ मी फोडला. अप्पा उकिडवे बसून गाडीच्या पोटात डोकावत होते.

"दिसली का, अप्पा?"

"न्हाई. पर काईतरी चकाकायलंय!"

मी रस्त्यावरच्या अनोळखी माणसांनाही पेढे वाटत सुटलो. एक बाई हेल्मेट काखेत मारून आल्या. मी त्यांनाही पेढा दिला. "नवी गाडी घेतली, ताई."

त्यांनी पेढा तोंडात टाकला, हाराकडं बघितलं आणि विचारलं, "कुठं हाय तुमची गाडी?"

"ही काय!"

"ही माझी हाय."

तेवढ्यात ढेकर देत सेल्समन आला. गाडी खरंच ताईंची होती. निलंग्याच्या अलीकडच्या गावात त्यांची डेअरी, दुधाचे कॅन न्यायला त्यांनी ती घेतलेली. माझी गाडी? "तिची चिप यायचीय की! तुम्हाला नुसतं बघायला बोलावलं होतं."

मी हार काढायला गेलो. ताईंनी माझा हात अडवला. "राहू द्या. काकूंनी लई झ्याक पूजा केलीय. मला कुठलं एवढं जमतंय!"

अप्पा अजून खालीच. "ताई, तुमच्या गाडीत चिप हाय म्हणायची!"

"हाव, असंलच की!"

"मग जरा उघडून दाखवता का?"

सेल्समननं अप्पांना दंडाला धरून उभं केलं.

मला वाटलं, संपलं आता. पण आईचा चेहरा उतरला. "ज्याच्या हातून नारळ फुटला, त्यानं गाडीवर बसाय पायजे. न्हाईतर चांगलं नसतंय."

"मग बसू द्या की," ताई म्हणाल्या. "निलंग्यापर्यंत सोडते. तिकडं मला पेंडीच्या दुकानात जायचंच हाय."

मी किल्लीसाठी हात पुढं केला. त्यांनी माझ्या हातात स्वतःची पर्स दिली आणि किक मारली.

आई-अप्पा एसटीनं निघाले. मी ताईंच्या मागं, एका हातात पर्स, दुसऱ्यात पेढ्यांचा रिकामा डबा. काय चालवत होत्या बाई! दोन वेळा मी डोळे मिटले.

निलंग्याच्या चौकात आमच्या शेजारच्या किराणावाल्यानं गाडी बघितली, हार बघितला, आणि सगळ्या चौकाला ऐकू जाईल असं ओरडला, "आली का नवी गाडी! कशी हाय हो चालवायला?"

मी पर्स छातीशी धरून म्हणालो, "चालवायचं माहीत न्हाई. मागची सीट लई आरामशीर हाय!"