भाजलेल्या ज्वारीची बिअर

नागापूरच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं माल तपासला. जॉब, म्हणजे तयार झालेला भाग, नापास झाला की त्याच्यावर लाल रंगाचा ठिपका द्यायचा, हे माझं काम. माझा ठिपका कधी कुणी पुसला नाही. निवृत्तीनंतर रिकामं बसवेना, म्हणून घरी बिअर करायचं मनात घेतलं. तीही आपल्या ज्वारीची.

बायकोला म्हणालो, "नातीसाठी नाचणीचं सत्त्व करतेस ना, अगदी तशीच ज्वारी करून दे." तिनं ज्वारी भिजवली, फडक्यात बांधून मोड आणले, वाळवली आणि सत्त्वासाठी भाजते तशी खमंग भाजली. मी भरडून तासभर गरम पाण्यात ठेवली. पाणी गोड व्हायला पाहिजे, त्या गोडाचीच यीस्ट दारू करतं. चाखलं तर नुसती पेज. तरी उकळून, निववून काचेच्या जारात भरलं आणि यीस्ट घातलं. आठ दिवस जारापुढं बसलो, एक बुडबुडा नाही.

माझं डोकं सटकलं. "साधी ज्वारी करता येत नाही तुला," म्हणालो, आणि तिच्या सत्त्वाच्या स्टीलच्या डब्यावर ऑइलपेंटचा लाल ठिपका दिला. तिनं डब्याकडं बघितलं. "नाचता येईना, अंगण वाकडं," एवढंच म्हणाली. त्या दिवसापासून वेळेवर वाढायची, पण बोलणं बंद. डबा ठिपक्यासकट फळीवर, माझ्या ताटासमोर.

मी हट्टाला पेटलो. बिअर जमवायचीच, मग बघू कशी बोलत नाही ते. दुसऱ्या खेपेला मोड मीच आणले, वाळवले; पण कढई मागायची चोरी, म्हणून ज्वारी न भाजताच घेतली. तासाभरात पाणी रसवंतीतल्या रसासारखं गोड. मग कुठं मोबाईलवर नीट वाचलं. भाजलं की मोडाचा जीव जातो, गोडी सुटतच नाही. आणि भाजायला सांगितलं होतं कुणी? मीच.

कळलं, पण तिच्यापुढं कबूल करायला जीभ रेटेना. त्यात आनंदाच्या भरात गरम पाण्यातच यीस्ट ओतलं. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. यीस्ट मेलं. या खेपेला ठिपका द्यायला दुसऱ्या कुणाचा डबाही नव्हता.

तिसऱ्या खेपेला जार पूर्ण गार होईस्तोवर हात बांधून बसलो. दुसऱ्या दिवशी बुडबुडे आले. ते थांबल्यावर बाटल्या भरल्या, पंधरा दिवस थांबलो.

रविवारी देवळाली प्रवराहून मेहुणा आला. ग्लासला फेस आला, त्यानं घोट घेतला. "लई भारी जमली की, दाजी. पहिली ताईमुळं नासली म्हनं?"

हे त्याला फोनवर मीच सांगितलं होतं. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मला माझीच लाज वाटली.

"तिच्यामुळं न्हाई," मी म्हणालो. "भाजायला मी सांगितलं. दुसरीही मीच घालवली. एकतीस वर्षं लोकांच्या चुका काढल्या, स्वतःची एक निघेना."

बायको आत गेली, फळीवरचा डबा घेऊन आली आणि माझ्यापुढं ठेवला.

"थिनर आणा आन् हा ठिपका तुमच्या हातानं काढा," ती म्हणाली. "मग ज्वारी भिजत घालते. या खेपेला भाजायची का न्हाई, ते नीट सांगा."